शेजारचे नटवर्य आणि त्यांचं तिसरं लग्न

प्रिय रुही आणि ईशान,

गेल्या आठवड्यात रुहीने मला एक पॉडकास्ट पाठवला आणि खाली विचारलं, "आजी, हा माणूस तुझ्या शेजारी राहायचा ना? हे सगळं खरं आहे? तो इतका खोटारडा होता?" मी तो सवयीने चष्मा लावून पूर्ण ऐकला. त्यात दोन मुली हसत हसत एका म्हाताऱ्याच्या तीन लग्नांची चिरफाड करतात आणि शेवटी सांगतात, की हा थोर वेल्श नट आयर्लंडमधल्या एका गावाबाहेर, सगळ्यांनी सोडलेला, एकटा, दारू पीत मेला. आधीच्या भागाबद्दल बोलायचा मला फारसा अधिकार नाही. शेवटाबद्दल आहे, कारण तेव्हा मी तिथे होते. तुम्ही दोघं ऑस्ट्रेलियात, मी इथे आयर्लंडमध्ये, मलिंगारला तुमच्या आईबाबांकडे. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, कारण तुमची आई मध्येच "आई, थोडक्यात" म्हणते. म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण शनिवारी सकाळी तुमची रडारड ऐकत मी तुम्हाला जे वाचायला शिकवलं ते गंजायला नको. सावकाश वाचा.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि ज्यांना नाही त्यांना ते माझ्याकडून कळायला नको. मी मनातल्या मनात त्यांना 'नटवर्य' म्हणत असे आणि सुरुवातीला त्यात आदर अजिबात नव्हता.

नटवर्य कधी घरात आले नाहीत. ते नेहमी प्रवेश करत. घंटी वाजवायची, दार उघडलं की उंबऱ्यावर थांबायचं, हनुवटी जरा वर, एक हात चौकटीवर, आणि समोरच्याकडे असं बघायचं की आता टाळ्या पडणारच आहेत. बाहेर वारा सुटलेला असो, गारा पडत असोत, ते थांबायचे. घरातली सगळी ऊब बाहेर. मी म्हणायचे, "आत या, हीटरचं तेल जळतंय." मग यायचे. तुमचे बाबा म्हणत, "आई, नट आहेत ते, सवय असते." मला ते पटलं नव्हतं. दारात उभा राहून घर न्याहाळणारा माणूस मी पुण्यातही पाहिला होता. तो आमचा पितळी बंब घेऊन गेला.

ईशान, तू त्यांना एकदाच भेटलास, नाताळात आला होतास तेव्हा. त्यांनी तुला आपल्या प्रसिद्ध इन्स्पेक्टरचा आवाज काढून दाखवला आणि तू मला स्वयंपाकघरात येऊन म्हणालास, "ही इज सम क्रॅक, आजी." इथे क्रॅक म्हणजे गंमत, आणि गमतीचे ते होतेच. उत्तर वेल्समधल्या मेंढपाळाचा मुलगा. लहानपणी चर्चमधल्या पाठांतराच्या स्पर्धांत बक्षिसं मिळवली, त्या जोरावर लंडनला गेले, रंगभूमीवर अनेक राजे केले, आणि मग टीव्हीवर रेनकोट घातलेला एक उदास इन्स्पेक्टर इतकी वर्षं केला की लोक राजे विसरले. मलिंगारमध्ये त्यांना कोणी नावाने बोलवत नसे. खाटकाच्या दुकानातली बाई मला विचारायची, "युअर मॅन कसा आहे? माझी आई त्याच्यासाठी वेडी होती हो!" इथे ज्याच्याबद्दल बोलायचं तो प्रत्येकजण युअर मॅन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तिला ठणकावून सांगितलं होतं, की तो माझा कोणी नाही.

ते सगळ्यांना 'कारियाद' म्हणत. वेल्शमध्ये त्याचा अर्थ लाडके, प्रिये असा काहीतरी आहे. मला पहिल्याच दिवशी म्हणाले. मी म्हटलं, "माझं नाव मिसेस पेठे." ते कमरेत वाकले. "क्षमा असावी, मिसेस पेठे." पुढच्या खेपेला पुन्हा कारियाद. नंतर पाहिलं, तर पोस्टमन कारियाद, तेलाची टाकी भरायला येणारा कारियाद, आमचं मांजरही कारियाद. तीन बायका झालेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द मला फार स्वस्त वाटे. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे हे कळल्यावर त्यांनी मला 'टीचर' म्हणायला सुरुवात केली. ते मात्र टिकलं.

लग्नांच्या गोष्टी ते आमच्या टेबलाशी बसून, आमटीभात खाता खाता सांगत. आमटी त्यांना चमच्याने वाटीतून प्यायला आवडायची. एकदा सांगितलं, की दुसरी बायको हेलन, ती नटी, तिने ब्रायटनच्या हॉटेलच्या गॅलरीतून त्यांचे बूट समुद्रात फेकले.

"मग?" तुमच्या आईने विचारलं.

"मग काय, त्या दिवशी राजा मोजे घालून सिंहासनावर बसला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. राजाच्या पायांकडे कोण बघतं?"

सगळे हसलो. काही आठवड्यांनी तेच बूट तिसऱ्या बायकोने, रोशीनने, गॉलवेच्या धक्क्यावरून फेकले. आणि इस्टरच्या सुमारास पहिल्या बायकोने, शानने, नदीत. परीक्षेत कोणी कोणाची नक्कल केली हे शोधण्यात माझी हयात गेली होती. मी म्हटलं, "तुमचे बूट फार फिरले. मागे ते हेलनने ब्रायटनला फेकले होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग मोठ्याने हसले. "टीचर, इन्स्पेक्टर मी होतो, तुम्ही नव्हे!"

तुमचे बाबा तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते. मला हसू आलं नाही. त्या हसण्याच्या आधी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मला ओळखीचं होतं. कविता पाठ नसलेल्या मुलीला एकदम उभं केलं की तिचा चेहरा तसा होतो. पण मी त्याचा अर्थ माझ्या पद्धतीने लावला: माणूस खोटं बोलतो आणि कोणाशी काय बोललो ते त्याच्या ध्यानात राहत नाही.

खरं काय होतं ते हळूहळू कळत गेलं. आयर्लंडमध्ये बातमी काढावी लागत नाही. चहा घेतला की बशीत बिस्किटाबरोबर येते. शान त्यांच्या गावची, शाळेत शिकवणारी. लंडनला यायला तयार झाली नाही, आणि हे परत गेले नाहीत. हेलनशी लग्न म्हणजे पेपरवाल्यांची दिवाळी. हॉटेलांत प्लेटा फुटायच्या आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून यायचे. रोशीन मलिंगारची. नाटक कंपनीत कपडेपट सांभाळायची. राजांचे झगे तिने शिवले, मग राजाशीच लग्न केलं आणि त्याला इथे घेऊन आली. चार वर्षं बरं चाललं. मग हे एका नाटकासाठी लंडनला गेले. नाटकात हेलन होती. सगळा हिवाळा परत आले नाहीत. आले तेव्हा घर बंद होतं आणि रोशीन कासलबारला बहिणीकडे निघून गेली होती. घटस्फोट मात्र झाला नव्हता.

हे सगळं मला माहीत असताना एके दिवशी नटवर्य दारात थांबून म्हणाले, "टीचर, माझे संवाद ऐकाल का?"

नाटकवाल्यांची ही रीत असते. पाठ झालं की कोणीतरी समोर बसून दुसऱ्या पात्राचं वाक्य द्यायचं, आणि चुकलं की थांबवायचं. काम माझ्या हातचं होतं, तरी मी लगेच हो म्हटलं नाही. संध्याकाळी तुमच्या आईला म्हटलं, "याला माझ्याकडून काय हवंय?"

"आई, प्रत्येकाला काहीतरी हवंच असतं असं नाही गं."

"असतं. कधी कधी उशिरा कळतं, एवढंच."

मी अटी घातल्या. सकाळची वेळ, आपलं स्वयंपाकघर, दार उघडं, आणि कपबश्या त्यांनी विसळायच्या. ते म्हणाले, "ग्रँड." इथे 'ठीक'ला ग्रँड म्हणतात; हा शब्द त्यांनी रोशीनकडून उचलला होता.

पहिल्या दिवशी मी चष्मा पुसून बसले. "पुस्तक द्या."

"पुस्तक नाही. नवं नाटक आहे. मी बोलतो, तुम्ही लक्षात ठेवा. उद्या चुकलो तर सांगा."

"नाटकात पात्रं किती?"

"दोन. नवरा आणि बायको."

"मग बायकोचे संवाद?"

"ते ठरलेले नाहीत. तिला वाटेल ते बोलेल. तुम्ही काहीही बोला."

असलं नाटक मी ऐकलं नव्हतं. म्हटलं, "प्रयोग किती आहेत?" तर म्हणाले, "एकच."

ते बोलायला लागले. नवरा म्हणतो, मी तुझ्याशी वाईट वागलो. मी गेलो तेव्हा तू पोचवायला आली होतीस आणि मी खोटं सांगितलं की सहा आठवड्यांत येतो. नंतर मुलाखतीत मी म्हणालो की मलिंगारला मला कंटाळा येतो, ते तू तुझ्या आईच्या शेजारी बसून पाहिलंस. आवाज चांगला होता, फार चांगला, आणि त्यामुळेच मला राग येत होता. माफी मागताना कोणी इतकं सुरेल बोलू नये. मी बायकोच्या जागेवरून कोरडेपणाने म्हटलं, "बरं, पुढे?" ते म्हणाले, "तुम्ही अगदी तिच्यासारखंच बोललात." आणि पुढच्या वाक्यात बायकोला हाक मारली, "हेलन."

मी थांबवलं. "आत्ता मलिंगार म्हणालात. हेलन मलिंगारला कुठे होती?"

 मग सुरुवातीपासून सगळं पुन्हा, न चुकता, आणि त्याच जागी पुन्हा, "हेलन." तिसऱ्यांदा, "शान." कपबश्या न विसळता ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते दारात थांबले नाहीत. आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नावं जातात, टीचर. आधी नावं, मग कोणी काय केलं ते. डब्लिनच्या डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही दार उघडता तेव्हा मला जरा वेळ लागतो, हे कोणाचं घर ते आठवायला. लोकांना वाटतं मी ऐट करतो. वाटू दे."

मी विचारलं, "आणि नाटक?"

"नाटक नाही. पुढच्या रविवारी रोशीन येणार आहे. लग्न संपवायचं म्हणते. वकिलाचं पत्र जाण्याआधी मला तोंडावर सांगायचं तिला. सरळ बाई आहे. मला तिला थांब म्हणायचंय. आणि बोलता बोलता मी तिला हेलन म्हणालो, तर संपलं. दुसरं कुठलंही नाव एकवेळ चालेल. ते नाही."

आता माझं सांगते. मला वाईट वाटलं, पण विश्वास बसला नाही. समोरच्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखं पोटासाठी करून दाखवली होती. मी त्यांना स्पष्ट विचारलं, "हे सोंग तर नाही ना?"

त्यांना राग आला नाही. म्हणाले, "सोंग असतं तर यापेक्षा चांगलं वठवलं असतं, टीचर."

मी पुढे विचारलं, "रोशीनला आजाराचं ठाऊक आहे?"

"नाही. सांगितलं तर दयेने राहील. दयेने राहिलेली बायको मला नको."

"आणि न सांगता अडकवलेली चालेल? चौथी फसवणूक करायला मी बसणार नाही. ती सेवा करायला राहते आहे की संसार करायला, हे तिला कळलं पाहिजे. सांगणार असाल तर मी ऐकते संवाद. नाहीतर हा तुमचा चहा."

त्यांनी चहा संपवला. उठून खिडकीतून बाहेरच्या ओल्या कुरणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगतो. पण सांगायचं आहे हे मला आठवायला हवं."

आम्ही पुन्हा तालीम सुरू केली आणि पुन्हा तेच. माफी तोंडपाठ, नाव आलं की घसरण. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कपबश्या विसळताना ते वेल्शमध्ये काहीतरी लयीत म्हणत. लहानपणी चर्चमध्ये पाठ केलेली पद्यं. कडव्यांमागून कडवी, न अडखळता. त्याच माणसाला आज मंगळवार की बुधवार हे सांगता येत नव्हतं. आमच्या शाळेतही मुली व्याख्या विसरत, कविता विसरत नसत. यमक पुढच्या शब्दाला हात धरून आणतं.

मी म्हटलं, "आमच्याकडे पूर्वी नवरा-बायको एकमेकांचं नाव नुसतं घेत नसत. लग्नात, समारंभात लोक आग्रह करत, तेव्हा दोन ओळी जुळवून त्यांत नाव गुंफायचं. उखाणा म्हणतात त्याला."

त्यांचे डोळे लकाकले. "म्हणजे नाव पद्यात बांधून ठेवायचं. पडायला नको म्हणून."

"लाजेमुळे. पण तसंही म्हणा."

"तुम्ही घेतला होता?"

"घेतला होता."

"म्हणून दाखवा."

"मुळीच नाही," मी म्हटलं.

मी त्यांच्यासाठी उखाणा केला. इंग्रजीत करून पाहिला, पण तो वाढदिवसाच्या कार्डावरचा मजकूर वाटायला लागला. शेवटी मराठीतच केला. त्यांचा कान असा होता की दोनदा ऐकून त्यांनी तो पुण्याच्या उच्चारांत म्हटला, 'ळ'सुद्धा. तुम्हा दोघांना जो अजून येत नाही.

तळ्यावरती धुकं, कुरणात ओलं गवत,
रोशीनचं नाव घेतो सगळ्यांच्या देखत.

त्यांनी अर्थ विचारला. सांगितला. पहिली ओळ आवडली. दुसरीला मान हलवली. "सगळ्यांच्या म्हणजे कोणाच्या? सगळे तर मी घालवले. आणि तुम्हीच म्हणालात, खरं सांगायचं. मग त्यातच घाला."

"काय घालू?"

"की बाकीचं मला आठवत नाही."

मी दुसरी ओळ बदलली:

रोशीनचं नाव घेतो, बाकी काही नाही आठवत.

आठवडाभर त्यांनी ती घोकली. कुंपणापलीकडे कचऱ्याचा डबा ओढत नेतानाही म्हणायचे. आपल्या गल्लीच्या टोकाला डब्लिनजवळच्या ओंगारहून येणारी ती कुलकर्ण्यांची सून गाडी थांबवून ऐकत राहिली होती, तिला वाटलं तिला भास होतोय.

रविवारी त्यांनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बसवलं. विंगेत प्रॉम्प्टर बसतो, तसं. मला ते आवडलं नव्हतं, पण अडलं तर कोण, असं म्हणून गेले. दाराच्या फटीतून बैठकीची खोली दिसत होती. रोशीन आली. ठेंगणी, पिकलेले केस, अंगात रेनकोट. आत आल्या आल्या तिने त्यांच्या कोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, "दुसरं बटण लटकतंय." बसली, पण रेनकोट काढला नाही.

त्यांनी सुरुवात केली. एकही शब्द चुकला नाही. पोचवायला आली होतीस ते, मुलाखत, तिची आई, सगळं. रोशीनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फार सुंदर. कितवी तालीम?"

तिच्या जागेवर मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

त्यांची लय तुटली. बायकोने काहीही बोलावं असं तेच मला म्हणाले होते, पण हे त्यांनी धरलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि मला फटीतून दिसलं की ओठ 'हे'साठी वळले आहेत. मी उठून उभी राहिले. प्रॉम्प्टरने शब्द द्यायचा तो हाच क्षण, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी ओठ मिटले. डोळे मिटले. मग चर्चमधल्या मुलासारखे दोन्ही हात मांड्यांशी सरळ धरून उखाणा म्हटला.

"ही वेल्श नाही," रोशीन म्हणाली.

"नाही. शेजारच्या टीचरची भाषा आहे."

"आणि टीचर तुझ्या किचनमध्ये आहेत, नाही का? दाराखाली त्यांच्या चपला दिसताहेत. या हो बाहेर, बाई. चोरून ऐकायला ही काही मालिका नाही."

मी बाहेर आले. इतकी शरम मला हेडमिस्ट्रेसच्या खोलीतही वाटली नव्हती. तिने अर्थ विचारला, मी सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे हा पुन्हा दुसऱ्याने लिहिलेलंच बोलतोय."

"पहिली ओळ माझी आहे," मी म्हटलं. "दुसरी त्यांची. मी वेगळी केली होती, ती त्यांनी बदलायला लावली."

ती त्यांच्याकडे वळली. "खरं आहे हे?"

ते तिच्याकडे मोठ्या सौजन्याने बघत होते. "काय खरं आहे, कारियाद?"

त्यांचा धागा सुटला होता. ते नाटक नव्हतं. रोशीनने नाटकांच्या कपडेपटात आयुष्य काढलं होतं, तिला फरक माझ्यापेक्षा आधी कळला. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "कधीपासून?" मी म्हटलं, "ते तुम्हाला सांगणार होते. तेच सांगितलं त्यांनी आत्ता."

"याने हजारो ओळी पाठ केल्या," ती म्हणाली. "माझ्यासाठी कधी एकही केली नव्हती." मग तिने रेनकोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि विचारलं, "सुई-दोरा कुठल्या प्रेसमध्ये ठेवतो हा?" इथे कपाटाला प्रेस म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको.

ती राहिली. तिने मला बजावलं होतं, "मी परत आलेली नाही. इथे आहे, एवढंच." संसार काही गोडीगुलाबीचा झाला नाही. भांडणं कुंपणावरून ऐकू येत. तीही त्यांच्यावर माझ्याइतकाच संशय घ्यायची. "हवं तेव्हा बरोबर आठवतं याला," म्हणायची, आणि कधी कधी ते खरंही असावं. एकदा मी तिला बुटांची गोष्ट विचारली. ती म्हणाली, "बूट माझे होते. गॉलवेला. फेकले त्याने." म्हणजे पॉडकास्टवाल्या मुली सगळंच चुकीचं सांगत नाहीत.

पुढे त्यांचे राजे गेले, इन्स्पेक्टर गेला, मी कोण तेही गेलं. मी दार उघडलं की 'टीचर' न म्हणता नुसते हसायचे. शेवटी इथल्याच हॉस्पिटलात न्यूमोनियाने गेले. दुपारची वेळ होती. रोशीन उशाशी होती, मी पायाशी. ती त्यांना तिच्या आयरिश उच्चारांत तो उखाणा म्हणून दाखवत होती. 'ळ' तिलाही जमत नव्हता. दुसऱ्या ओळीत तिने स्वतःच्या नावाच्या जागी त्यांचं नाव घातलं होतं. तिला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं, मीही नाही. खोलीत बाटली नव्हती. आणि ते एकटे नव्हते.

रुही, तू विचारलंस ते खोटारडे होते का. शानशी आणि हेलनशी ते कसे वागले ते त्या दोघींना विचारायला हवं. रोशीनशी खोटं बोलले, हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं. माझ्याशी किती खरं बोलले हे मला आजही सांगता येत नाही, आणि त्या रविवारी हात मांड्यांशी धरून उभं राहण्यात थोडं नाटक होतं असंच मला वाटतं. चांगला नट होता तो माणूस. पण नाव बरोबर घेतलं.

त्यांची तीन लग्नं झाली. पहिली दोन मोडली. रोशीन वकिलाकडे गेली नाही. ती अजून शेजारी राहते, आणि ते तिसरं लग्न आहे तसं आहे.

तुमची आजी